दारातला द्राक्षमांडव आणि पेल्यातली वाईन : नाशिकच्या हवेतलं वर्षभराचं वेळापत्रक

फ्रान्समधल्या बोर्दोत किंवा इटलीतल्या तस्कनीत द्राक्षवेलीला हिवाळा झोपवतो. पानं गळतात, वेल तीन-चार महिने निपचित पडते आणि वसंतात आपली आपण फुटते. नाशिक, सांगली, सोलापूर, नारायणगावच्या हवेत असं होत नाही. इथली थंडी तेवढी कडक नाही, त्यामुळे मोकळी सोडलेली वेल बारा महिने नुसता पाला काढत बसते. म्हणून इथे ऋतू ठरवते ती कात्री. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि फळ एकदाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

वाईनचंही तसंच आहे. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सांगतात तेव्हा ती खोली युरोपातली असते, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात त्याच खोलीत ३४ अंश असतात. तिकडे तळघर जे काम करतं ते इथे फ्रिजकडून करून घ्यावं लागतं. छाटणीची तारीख आणि बाटलीचं तापमान या दोन गोष्टी सांभाळल्या, की उरलेल्या चुका वेलही सोसते आणि वाईनही.

पुढचं सगळं घरापुढच्या एका-दोन वेलींसाठी आहे. एकरी हिशोब वेगळा असतो, त्यासाठी बागायतदारालाच विचारावं.

वेल कोणती आणि कुठे

वाईनची द्राक्षं घरी लावण्याचा मोह होतो. शिराझ, शेनिन ब्लाँ, कॅबर्ने ही नावं ऐकायला छान वाटतात. पण या द्राक्षांचे मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. खायला मजा नाही. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. घरची एक वेल जपून वाढवली तर ४ ते ६ किलो देते, म्हणजे जेमतेम चार बाटल्या. शिवाय परवान्याशिवाय घरी वाईन गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. तेव्हा वेल खायच्या द्राक्षाची लावा आणि वाईन दुकानातून आणा.

काळं हवं असेल तर शरद सीडलेस. हिरवं हवं असेल तर थॉमसन किंवा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने काढलेलं मांजरी नवीन. थॉमसनला संजीवकं, म्हणजे वाढीची संप्रेरकं, दिली नाहीत तर मणी बारीक राहतात, ते बाजारातल्यासारखे दिसत नाहीत, पण चवीला उलट जास्त गोड लागतात. ज्यांना फवारणीचा कंटाळा आहे त्यांनी बंगलोर ब्लू बघावं. बिया आहेत, वास उग्र आहे, पण रोगाला हे वाण बरंच काटक आहे. कोकण आणि गोव्यात चार महिने पान कोरडंच होत नाही, तिथे करपा हा बुरशीचा रोग वेलीला उभं राहू देत नाही. छपराखाली मोठ्या ड्रममध्ये एखादी वेल हौस म्हणून ठेवता येईल, मांडवाचा नाद मात्र नको.

रोप कलमी घ्या, डॉगरिज खुंटावरचं. खुंट म्हणजे कलमाचा मुळांकडचा भाग. हा खुंट चुनखडीच्या जमिनीत आणि खारट बोअरच्या पाण्यात टिकतो. स्वतःच्या मुळांवरची वेल अशा ठिकाणी दुसऱ्याच वर्षी पिवळी पडते. थंडीचा कडाका ओसरल्यावर, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लागण करावी.

खड्डा २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल, भिंतीपासून ३ फूट लांब. त्यात वरची माती, १० ते १५ किलो कुजलेलं शेणखत, १ किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सुपर फॉस्फेट. काळी चिकण जमीन असेल तर निम्मा मुरूम मिसळा, नाहीतर पावसाळ्यात मुळं गुदमरतात. कलमाचा जोड मातीच्या किमान वीतभर वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंट घेण्याचा उपयोगच राहत नाही. जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट दिसेल तेव्हा मोडायची.

मांडव साडेसहा ते सात फूट उंच, वर दीड-दीड फुटावर १२ गेजची तार. दिवसाचं सात-आठ तास थेट ऊन हवंच. पहिलं वर्ष फळाचं नाही, सांगाड्याचं. एकच जोमदार फूट बांबूला सुतळीने बांधत सरळ वर न्यायची, तारेच्या वीतभर खाली शेंडा मारायचा, आणि वरच्या दोन फुटी दोन दिशांना तारेवर वळवायच्या. हे दोन ओलांडे, प्रत्येकी चार फूट. पुढची पंधरा-वीस वर्षं सगळं फळ याच आठ फुटांवर येणार, म्हणून इथे घाई करू नका. ओलांडा एका दमात चार फूट वाढू दिला तर मधले डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, आंधळे राहतात, फुटतच नाहीत, आणि तेवढा तुकडा कायमचा उघडा पडतो. दीड फूट वाढला की शेंडा मारा, पुढची फूट घ्या, पुन्हा दीड फुटाला मारा.

एप्रिल : खरड छाटणी

या छाटणीत वेल विद्रूप दिसते, आणि तशीच दिसायला हवी. ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक डोळा ठेवून कापायची. नवखा माणूस इथे हात आखडतो, तीन-चार डोळे ठेवतो, आणि दोन वर्षांत फळ ओलांड्यापासून हातभर लांब सरकतं. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवा आणि प्रत्येक वेलीनंतर स्पिरिटने पुसलेला हवा. बोटापेक्षा जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी.

छाटल्यावर ओलांडा उघडा पडतो आणि चाळीस अंशांत भाजतो. फुटी एकसारख्या निघत नाहीत त्या यामुळेच. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ओलांड्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. दोन ड्रिपर, प्रत्येकी तासाला ४ लिटरचे, रोज दोन तास चालवले की १६ लिटर पाणी होतं. एप्रिल-मेला तेवढं पुरतं. पायथ्याशी उसाचं पाचट किंवा वाळका पाला चार बोटं अंथरा.

फुटी चार-पाच पानांच्या झाल्या की विरळणी. आठ फुटांच्या ओलांड्यावर १६ ते २० फुटी ठेवा, म्हणजे एकीपासून दुसरी पाच-सहा इंचांवर. बाकीच्या हाताने मोडून टाका. ही मोडणी जीवावर येते, पण वर्षाचं पीक इथेच ठरतं. कारण असं : पुढच्या फेब्रुवारीत दिसणारा घड डोळ्याच्या आत तयार होतो तो छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या वेळी डोळ्यावर ऊन पडलं तर आत घड घडतो; सावलीत राहिला तर त्याच जागी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तणावा, तयार होते आणि ऑक्टोबरमध्ये वांझ फूट निघते. मग लोक खताला किंवा नर्सरीला दोष देतात. प्रत्यक्षात मे महिन्यात दाटी झालेली असते.

त्या काळात तीन कामं.

सातव्या पानावर शेंडा खुडा. चार-पाच दिवसांत वरच्या पेरातून नवी फूट निघते, तिला सबकेन म्हणतात. ती पाच पानांची झाली की पुन्हा खुडा. जिथे खुडलं तिथे गाठ पडते आणि गाठीच्या आसपासचे डोळे सर्वांत फलदायी असतात. बगलफुटी आणि बाळ्या आठवड्याला काढत राहा.

पाणी निम्म्यावर आणा. भरपूर पाणी मिळालं की वेल लांब वाढते, घड करत नाही.

खत बदला. पहिला महिना वाढीचा, आठवड्याला २० ग्रॅम युरिया. दुसरा महिना घडनिर्मितीचा, युरिया बंद आणि आठवड्याला २० ग्रॅम ०:५२:३४ (आकडे नत्र, स्फुरद, पालाशाचे). त्यानंतर काडी पिकेपर्यंत ०:०:५०, तेवढंच. सगळं पाण्यात विरघळवून मुळाशी.

छाटलेल्या काड्या वाळवून ठेवण्याची बोर्दोकडे पद्धत आहे. द्राक्षाच्या काड्यांच्या निखाऱ्यावर मांस भाजणं हा तिथला मान्यताप्राप्त प्रकार. आपल्या काड्यांवर वर्षभर मोरचूद आणि बुरशीनाशकं बसलेली असतात. त्यावर वांगं भाजू नका. करप्याचे काळे खड्डे असलेल्या काड्या तर कंपोस्टमध्येही नकोत, जाळून टाका.

उन्हाळ्यातली बाटली

मे महिन्यात मांडव अजून विरळ असतो, सावली कवडशांची. या दिवसांत व्हाइट, रोझे आणि स्पार्कलिंग. महाराष्ट्रात शेनिन ब्लाँ सर्वांत भरवशाची, कारण हे वाण इथल्या उन्हातही आंबटपणा टिकवतं. सोव्हिन्यों ब्लाँ जास्त झणझणीत, कापलेल्या गवताचा आणि हिरव्या मिरचीचा वास असलेली.

दुकानात बाटली घेताना पहिली नजर वर्षावर. लेबलवर व्हिंटेज, म्हणजे द्राक्षं काढल्याचं वर्ष, छापलेलं असतं. इथल्या व्हाइट आणि रोझे दीड-दोन वर्षांच्या आत प्याव्यात. त्या मुरवण्यासाठी केलेल्याच नसतात, ठेवून त्यांचं वय वाढतं, गुण वाढत नाही. दुसरी नजर बाटली कुठे उभी होती यावर. दुकानाच्या काचेत उन्हात सजवलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. उष्णतेने वाईन फुगते, बूच मिलिमीटरभर वर सरकतं, कडेने चिकट ओघळ येतो. अशी वाईन उघडल्यावर ताज्या फळाऐवजी मुरांब्याचा वास येतो आणि व्हाइटचा रंग चहाकडे झुकतो. स्क्रू कॅप पाहून नाक मुरडू नका. आपल्या हवेत पत्र्याचं झाकण बुचापेक्षा बरं. बूच वाळतं, आकसतं, हवा आत जाते.

तापमान असं ठेवा : स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, व्हाइट आणि रोझे ८ ते १०, हलकी रेड १३ ते १५, भारदस्त रेड १६ ते १८. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. तापलेल्या खोलीतली व्हाइट बाटली त्यात किमान तीन तास हवी, रेड दीड तास. पाहुणे दारात आणि बाटली गरम, अशी वेळ आली तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. २० मिनिटांत व्हाइट तयार. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बर्फ काचेला ठिकठिकाणी टेकतो आणि पाणी सगळीकडून. फ्रीझरमध्ये ठेवायचीच तर मोबाइलवर गजर लावा. विसरलेली बाटली तडकते, आणि स्पार्कलिंग तर फुटतेच.

गरम रेड वाईनमध्ये मद्यार्क नाकात चढतो आणि फळ हरवतं. ‘रेड मला कडू लागते’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी ती ३० अंशांवर प्यायलेली असते. उलट व्हाइट अगदी ४ अंशांवर दिली की तिचा वासच मिटतो. पेल्यात ओतून पाच मिनिटं थांबा. उन्हाळ्यात पेला कमी भरा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले बसतात, पण मे महिन्यात ८०-९० मिली ओतून बाटली परत बर्फात ठेवणं शहाणपणाचं. पेल्यात बर्फाचा खडा टाकला तर आभाळ कोसळत नाही, तरी वाईन पातळ होते; त्यापेक्षा शेतातली द्राक्षं धुऊन डबीत गोठवा आणि दोन मणी टाका.

पेला एकच प्रकारचा पुरे : ३५० ते ४०० मिलीचा, पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं. एक तृतीयांश भरा, देठाला धरा, दोनदा गोल फिरवा, नाक आत घाला. स्टीलच्या पेल्यात चव फार बिघडत नाही, वास मात्र दबतो. मांडवाखाली बसायचं असेल तर मोगऱ्याची कुंडी आणि उदबत्ती दोन्ही लांब ठेवा. कितीही सुगंधी असोत, त्यांच्यापुढे शेनिनचा पेरू-लिंबासारखा वास टिकत नाही.

आता जेवणाबद्दल. तिखटाबरोबर मद्यार्क आणि टॅनिन (सालीतला तुरटपणा) दोन्ही तिखट वाढवतात. म्हणून मिसळ, झणझणीत रस्सा, ठेचा यांच्याबरोबर कॅबर्नेसारखी तुरट रेड नको; किंचित गोडसर शेनिन घ्या, ती जीभ शांत करते. तळलेल्या सुरमईला किंवा बोंबलाला सोव्हिन्यों ब्लाँ, लिंबू पिळल्यासारखी बसते. आमरसाबरोबर कोरडी वाईन पिऊ नका, रसाच्या गोडीपुढे ती चिंचेसारखी लागते. पदार्थ जितका गोड, वाईन निदान तितकी तरी गोड हवी. आंब्याबरोबर घ्यायचीच तर लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड शेनिन, छोट्या पेल्यात. लोणचं आणि सोलकढी या दोन गोष्टींबरोबर कोणतीच वाईन जमत नाही, आणि जमवायची गरजही नाही.

पावसाळा

जूनपासून वेलीला पाणी देणं बंद, आणि पायथ्याशी साचू न देणं सुरू. आता काडी पिकायची आहे. हिरवी काडी खालून वर तपकिरी होत जाते. सप्टेंबरमध्ये एक काडी आडवी कापून बघा : गाभा बारीक आणि तपकिरी असेल तर पिकली, रुंद, पांढरा, ओला असेल तर ऑक्टोबरमध्ये त्या काडीवर भरवसा नको. काडीची जाडी पेन्सिलएवढी हवी.

शत्रू दोन. करपा : कोवळ्या पानावर बारीक भोकं, काडीवर काळे खोलगट डाग. केवडा, म्हणजे डाऊनी : पानावर तेल सांडल्यासारखा पिवळट डाग. असा डाग दिसला की सकाळी लवकर पान उलटून बघा. खाली नेमका त्याच जागी पांढरा कापूस असेल तर केवडाच. उन्हं चढल्यावर तो कापूस सुकतो आणि लोक डाग अन्नद्रव्याच्या कमतरतेचा समजून खत घालत बसतात.

दोन्हींवर जुना आणि स्वस्त इलाज बोर्डो मिश्रण. हे औषध वाईनच्याच गावचं. बोर्दोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना घाबरवायला चुना-मोरचूद शिंपडत, आणि नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचल्याचं प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिलं. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

१० लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत, रात्रभर भिजवा. दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवा, ५ लिटर करा, फडक्यातून गाळा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काठीने ढवळा. रंग आकाशी निळा यायला हवा. आता विळ्याचं किंवा ब्लेडचं लखलखीत पातं मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, हे मिश्रण पानं जाळणार. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जा आणि पातं स्वच्छ येईपर्यंत तपासा. लोखंडी भांडं वापरू नका, त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळू नका. कोवळ्या फुटीवर याच्या निम्म्या ताकदीचं मारा. पाऊस उघडीप देईल तेव्हा, दर दहा-बारा दिवसांनी, पानाच्या खालच्या बाजूला बसेल असं.

काही वाइनरींत ओळीच्या टोकाला गुलाब दिसतो. रोग आधी गुलाबावर येतो आणि इशारा मिळतो असं सांगतात. दिसायला सुंदर आहे, पण गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या वेगळ्या बुरश्या आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधून फवारणी चुकवू नका.

पावसाळ्यात पेल्याचं काम सोपं. अळूवडी, कोथिंबीर वडी, कांदाभजी यांच्याबरोबर स्पार्कलिंग. तळणीचा तेलकटपणा तिचे बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन काढतात. उघडताना तारेची जाळी सहा अर्धे फेरे फिरवून सैल करा, अंगठा बुचावरून हलवू नका, बाटली तिरपी धरून बूच स्थिर ठेवा आणि बाटली फिरवा. नीट गार असेल तर हलका फुस्स आवाज येतो. धडाका झाला तर ती पुरेशी गार नव्हती.

ऑक्टोबर : गोडी छाटणी

पाऊस खरोखर गेल्याशिवाय कात्री उचलू नका. लवकर छाटून आलेल्या कोवळ्या फुलोऱ्यावर परतीचा पाऊस पडला की केवडा थेट घडात शिरतो आणि घड कुजतात. दुसऱ्या टोकाला नोव्हेंबरमध्ये उशिरा छाटलं तर फुटी थंडीत अडकतात; निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा वेल वाढ थांबवते आणि मणी बारीक राहतात. घरच्या वेलीला १० ते २० ऑक्टोबर हा काळ बरा.

छाटणीच्या पंधरा दिवस आधी पाणी तोडा आणि पानं हाताने खुडा. मग सबकेन असलेली काडी गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून, आणि सरळ काडी सहा-सात डोळ्यांवर कापा. एप्रिलसारखा एकच डोळा इथे ठेवलात तर वर्ष गेलं : तळाच्या डोळ्यांत घड नसतो.

बागायतदार या छाटणीनंतर डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, डोळे एकदम फुटावेत म्हणून. घरी याची गरज नाही, आणि वाईन पिणाऱ्याच्या घरी तर मुळीच नको. हे रसायन शरीरातलं मद्य पचवण्याचं काम अडवतं. हाताळून झाल्यावर एक पेला जरी घेतला तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे दिवस मद्याचा थेंबही घेऊ नये, हे शेजारच्या बागेत काम करणाऱ्यांनाही सांगायची गोष्ट आहे. घरी त्याऐवजी काड्या हलक्या हाताने वाकवून तारेला बांधा, म्हणजे टोकाचा एकच डोळा पुढे पळत नाही.

आठ-बारा दिवसांत पोंगा, म्हणजे फुगलेला डोळा, फुटतो. घड दिसू लागले की एका फुटीवर एकच ठेवा आणि पूर्ण वाढलेल्या वेलीवर सगळे मिळून १५ ते २०. तिसऱ्या वर्षाच्या वेलीवर १० पुरेत.

दिवाळीत चकली-चिवड्याबरोबर पावसाळ्यातलीच स्पार्कलिंग चालते.

थंडी आणि घड

नोव्हेंबरअखेर फुलोरा. त्या आठवड्यात फवारा नको, जादा पाणी नको, नाहीतर गळ होते. मणी ज्वारीएवढे झाले की घडाचा शेपटाकडचा पाव भाग कात्रीने उडवा आणि आतले दाट मणी काढा. हात थरथरत असेल तर एक मणी सोडून एक, एवढंच लक्षात ठेवा. दाट घडात मणी एकमेकांना दाबून फुटतात आणि तिथून बुरशी पसरते.

डिसेंबर-जानेवारीत भुरी येते. कोरड्या हवेतही येते, हे तिचं वैशिष्ट्य. पानावर आणि मण्यावर राखेसारखा थर बसतो, मण्याची साल ताठरते आणि पुढे तडकते. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, कोवळ्या उन्हात. ३२ अंशांच्या वर गंधक मारलं तर मणी भाजतात. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे ते मऊ आणि पारदर्शक व्हायला लागले, की गंधक बंद.

त्याच वेळी घडांना जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. दुपारचं ऊन आणि रात्रीची थंडी यांत फार फरक पडला की हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडतात. कागदाने तो फरक कमी होतो, आणि बुलबुलही काही दिवस फसतात. कायमचा इलाज जाळी.

हा रेडचा हंगाम. नाशिकची शिराझ मिरीसारखी मसालेदार असते. भरली वांगी, सुकं मटण, काळ्या मसाल्याची उसळ यांच्याबरोबर ती घ्या. हुरडा पार्टीत मात्र लसणाची चटणी असते, तिथे रोझे बरी. जानेवारीच्या रात्री खोली १८ अंशांवर असेल तर रेडला फ्रिजची गरज नाही, वर्षातून तेवढे चार-पाच आठवडे. तरुण, तुरट रेड अर्धा तास आधी जगमध्ये ओतून ठेवा, मऊ पडते. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. तीन-चार दिवस राहते. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीच संपवा.

काढणी

छाटणीपासून १२० ते १४० दिवसांनी, फेब्रुवारी-मार्चात. रंगावर जाऊ नका, चाखा. आणि चाखायचा तो घडाच्या टोकाचा मणी, कारण तो सर्वांत शेवटी पिकतो. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर १८ ब्रिक्सच्या (साधारण १८ टक्के साखरेच्या) वर काढा. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे चार दिवस थांबणं परवडतं. सकाळी, दव सुकल्यावर, देठ धरून कापा. मण्यावरचा पांढरट मेणासारखा थर पुसू नका, त्याच्यामुळे मणी लवकर सुकत नाहीत.

हेच दिवस वाइनरीतल्या काढणीचे. शेनिन, सोव्हिन्यों आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, आंबटपणा उतरायच्या आत, रेड मागाहून. दिंडोरी किंवा गंगापूर धरणाकडे जायचं असेल तर याच काळात जा आणि टेस्टिंगमध्ये वाईनबरोबर तिचं द्राक्षही मागून खा. शिराझचा मणी चावून साल चघळली की रेडमधला तुरटपणा कुठून येतो ते आपोआप कळतं. टेस्टिंगचे पेले पाच-सहा होतात, गाडी चालवणाऱ्याने थुंकदाणी वापरावी. ती तिथे त्यासाठीच असते.

घरी वाईन आणि स्वतःची द्राक्षं एकाच ताटात मांडणार असाल तर वाईन आधी. गोड द्राक्षावर कोरडी वाईन आंबट ढोण लागते. द्राक्षांबरोबर खारे शेंगदाणे किंवा चीजचा तुकडा ठेवला तर ही अडचण बरीच कमी होते.

शेवटचा घड उतरला की वेलीला लगेच कापू नका. २० ते २५ दिवस पानं तशीच राहू द्या, एक दिवसाआड पाणी द्या, १० किलो शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मुळाशी मिसळा. या तीन आठवड्यांत पानं खोडात अन्न साठवतात आणि एप्रिलच्या फुटी त्यावरच निघतात. खोडावर भुसा दिसला तर आत खोडकिडा आहे. भोक शोधा, तार घालून अळी ओढून काढा आणि भोक चिखलाने बुजवा.